आमच्या जखमांचा डेटा कोणाच्या कपाटात?



भंडारा जिल्ह्याला संशोधकांची सवय आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. त्यानंतर सत्यशोधन समित्या आल्या, पत्रकार आले, देशविदेशातले अभ्यासक आले. नागपूरहून येणारा महामार्ग आमच्या शहापूरवरूनच जातो. अहवाल निघाले, लेख निघाले, २००८ मध्ये आनंद तेलतुंबडे यांचे पुस्तक आले. त्या लिखाणाचे मोल आम्ही नाकारत नाही. ते झाले नसते तर खैरलांजी हा शेताच्या बांधाचा तंटा म्हणून फायलीत गाडला गेला असता.

पण आमचा प्रश्न छापून आलेल्या पानांचा नाही. त्या पानांच्या मागे ज्या मुलाखती होत्या, वह्या होत्या, कॅसेटी आणि मेमरी कार्डे होती, ती आज कोठे आहेत? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमामुळे पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगेवर चढतात. प्रबंध चढतो, मुलाखत चढत नाही. दोनशे माणसांशी बोलून त्यातल्या वीस जणांची चार-चार वाक्ये प्रबंधात येतात. बाकीचे बोलणे संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये राहते, लॅपटॉप बिघडला की जाते. ज्या माणसाने अर्धा दिवस मजुरी बुडवून आपले आयुष्य सांगितले, त्याच्या नातवाला आजोबाचा आवाज ऐकायला मिळत नाही.

आमच्याकडेही एका विद्यापीठाचे लोक येऊन गेले. जात, पोटजात, जमीन, कर्ज, दारू, नवरा मारतो का, सगळे विचारले. इंग्रजीतल्या कागदावर सही घेतली, सही न येणाऱ्यांचे अंगठे घेतले. पुन्हा कोणी फिरकले नाही. याला ते संमती म्हणतात! जो कागद वाचता येत नाही त्यावरचा अंगठा ही संमती असेल, तर सावकाराच्या स्टॅम्प पेपरवरचा अंगठाही संमतीच होती.

काही मित्र म्हणतात, एवढे काय त्यात, शेवटी आकडेच तर आहेत. मित्रहो, आकड्याची किंमत बाबासाहेबांना विचारा. १९३२ मध्ये मताधिकार ठरवणाऱ्या लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या एकाएकी आटली. आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच, किंवा मूठभर आहेत, असे सवर्ण पुढारी सांगू लागले. कालपर्यंत विटाळ मोजणाऱ्यांना अस्पृश्य दिसेनासे झाले, कारण आता संख्येवर वाटा ठरणार होता. बाबासाहेबांनी या लबाडीवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांच्या हाताशी १९११ च्या जनगणनेचे अहवाल होते. मंदिरात प्रवेश आहे का, ब्राह्मण पुरोहित मिळतो का, स्पर्शाने विटाळ होतो का, अशा दहा कसोट्या लावून त्या जनगणनेत नोंदी झाल्या होत्या. ते अहवाल छापलेले होते, ग्रंथालयात मिळत होते, म्हणून उत्तर देता आले. ते कोणाच्या खासगी कपाटात असते तर?

आणि आजची गोष्ट बघा. २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात गणना झाली, घरोघर जात विचारली गेली, पण जातींचे आकडे बाहेर आले नाहीत. २०२१ मध्ये महाराष्ट्राने ओबीसी आरक्षणासाठी ते मागितले तेव्हा केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की त्यात ४६ लाखांहून अधिक जातींची नावे निघाली, चुका फार आहेत, देता येत नाही. १९३१ मध्ये ४,१४७ जाती होत्या. चुका असतील तर त्या दुरुस्त करता येतात, निदान अभ्यासकांपुढे ठेवता येतात. पैसा जनतेचा, माहिती जनतेची, कुलूप मात्र सरकारचे.

जपणुकीच्या बाबतीत तर आमचा अनुभव जळजळीत आहे. बाबासाहेबांच्या अलीपूर रोडच्या घरातले सामान १९६७ च्या जानेवारीत अंगणात टाकले गेले आणि त्यांचे कागद पावसात भिजले. जे वाचले त्यातून वसंत मून यांच्या चिकाटीने १९७९ पासून ‘राइटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड निघाले. ते कामही पुढे इतके रखडले की २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला ‘लोकसत्ता’तल्या बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. देशाच्या राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या कागदांची ही गत, तर शहापूरच्या शेतमजूर बाईच्या मुलाखतीची काय कथा!

मग सगळे उघडे करून टाका, इंटरनेटवर चढवा, असे आम्ही म्हणतो का? नाही. इथे आमचे भांडण आपल्याच काही मित्रांशीही आहे.

खैरलांजीतल्या मृतदेहांची छायाचित्रे तेव्हा फिरली. त्या छायाचित्रांनी गप्प बसलेल्या माध्यमांना हलवले, हे खरे. पण आजही ती निबंधात, भाषणाच्या स्लाइडवर, व्हॉट्सअॅपवर फिरतात, तेव्हा त्यातून कोणता न्याय मिळतो? प्रियंका ही शिकणारी मुलगी होती. तिची ओळख तिच्या विटंबनेच्या फोटोने व्हावी, हा हक्क आम्हाला कोणी दिला? अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ मध्ये पीडित आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाची, ओळख लपवण्याची तरतूद आहे. ती मिळवायला चळवळ झगडली. आणि आपणच एफआयआरची प्रत नावा-पत्त्यासकट ग्रुपवर टाकतो.

संशोधक म्हणतात, आम्ही नावे बदलतो. नाव बदलून गावात काही लपत नाही. ‘मोहाडी तालुक्यातले एक गाव, बौद्धांची चार घरे, अंगणवाडीत काम करणारी पन्नाशीची विधवा’ एवढे लिहिले की पाटलाच्या ओट्यावर बसलेल्या कोणालाही ती बाई ओळखता येते. तिने कोणाविरुद्ध बोलले तेही कळते. संशोधक दिल्लीला किंवा लंडनला असतो. पाणी भरायला त्याच विहिरीवर ती जाते. म्हणून गाव, वय, काम, घरांची संख्या यातले काय ठेवायचे आणि काय पुसट करायचे, हे तिच्यासमोर बसून ठरवावे लागते.

कायदा वाचवेल या भ्रमात राहू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधन, संग्रहण आणि सांख्यिकी यांना सूट आहे.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीचे रक्त १९९० पासून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनियाच्या आणि जमातीच्या मूळ स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले. जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर आणि रक्ताचे नमुने परत द्यावे लागले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली: आमच्याकडे यायचे तर या अटींवर या. सान लोकांना जमते, मग आम्हाला का जमू नये?

चांगले काम आपल्याकडेही झाले आहे. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात भीमाच्या ओव्या आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावासह, तिच्या गावासह, तिच्या आवाजासह. तिथे नाव लावणे हाच सन्मान आहे. अत्याचाराच्या साक्षीत नाव झाकणे हा सन्मान आहे. दोन्हीला एकच नियम लावणारा संशोधक आळशी तरी असतो किंवा बेपर्वा तरी.

यापुढे वस्तीत वही घेऊन येणाऱ्याला, तो आपला जयभीमवाला विद्यार्थी असला तरी, विचारा. संमतीचा कागद मराठीत आहे का, आणि तो मोठ्याने वाचून दाखवला का? रेकॉर्डिंग कोठे ठेवणार, किती वर्षे, कोणाला देणार? सांगणाऱ्याने उद्या ‘माझे काढून टाका’ म्हटले तर काढणार का? एक प्रत विहाराच्या वाचनालयात कधी आणून देणार? सगळ्यांनी बघावे असे एका पेटीत, विचारून द्यावे असे दुसऱ्या पेटीत, आणि साक्षीदार हयात असेपर्यंत बंद ठेवावे असे तिसऱ्या पेटीत, एवढी विभागणी करायला परदेशी अनुदान लागत नाही. आणखी एक अट आमची खास: झाडीबोलीतले बोलणे ‘शुद्ध’ करून पुण्याच्या मराठीत उतरवायचे नाही. मूळ आवाज ठेवायचा.

आपल्या घरचेही बघा. कार्यकर्त्यांच्या माळ्यावर जुनी पत्रके, मोर्च्यांचे फोटो, जयंतीच्या वर्गणीच्या वह्या वाळवीला पडल्या आहेत. १९५४ च्या मे महिन्यात बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि काँग्रेसच्या बोरकरांकडून हरले. तेव्हा मतदानाचे वय २१ होते. त्या दिवशी ज्यांनी मत टाकले ते आज नव्वदीच्या पुढे आहेत, आणि शहापूरच्या आसपास असे किती उरले हे बोटांवर मोजायचे काम या रविवारी विहारात सुरू करायचे आहे. येताना चार्ज केलेला मोबाइल आणि एक वही घेऊन या. संमतीचा कागद मराठीत आम्ही तयार ठेवतो.