शब्दार्थांची वही आणि मराठीची हकालपट्टी (थ्रेड)

‘मुलाचे इंग्रजी शब्द पक्के व्हायचे असतील, तर घरातले मराठी बंद करा.’ हा सल्ला आज नाशिकमधील पालकांना इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की त्यामागे काही शास्त्र असावे असे वाटू लागते. शास्त्राचा निवाडा शिक्षणतज्ज्ञ करतील. इतिहासाचा मात्र या सल्ल्याला कवडीचाही आधार नाही.

सुरुवात साहेबापासूनच करावी. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन आज स्मरणात आहे तो २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्यांमुळे. बाबाराव सावरकरांवरील खटल्याचा संताप त्या गोळ्यांमागे होता, हे विसरण्याचे कारण नाही. पण हाच जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता. त्याने जमवलेल्या लोकसमजुतींच्या टिपणांवरून पुढे एन्थोव्हेनने ग्रंथ सिद्ध केला.

हे अधिकारी इथली भाषा शिकत कसे? सिव्हिल सर्व्हिसमधल्या माणसाला प्रांताच्या भाषेची परीक्षा द्यावीच लागे. त्यासाठी हाताशी मोल्सवर्थचा कोश असे. पहिली आवृत्ती १८३१ची, वाढवलेली दुसरी १८५७ची. आधी मराठी शब्द, पुढे त्याचा इंग्रजी अर्थ. मराठी शब्द पाठ व्हावेत म्हणून बंगल्यावर इंग्रजी बोलू नका, असे कोणत्याही साहेबाला कोणी बजावले नाही. जेत्याची मातृभाषा ही शिकण्याची शिडी ठरली आणि जितांची मातृभाषा अडथळा!

आता इथल्या मुलांकडे वळू. जुन्या रचनेत आधी मराठी इयत्ता होत आणि मग इंग्रजी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंतचा प्रवास सुरू होई. भगूरच्या विनायक सावरकरांचे शिक्षण याच वाटेने झाले. ते १९०१ साली मॅट्रिक झाले आणि काही वर्षांतच त्यांनी मॅझिनीचे आत्मचरित्र इंग्रजीवरून मराठीत आणले.

या वाटेवर अनेक पिढ्यांच्या दप्तरात एक पुस्तक असे: द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’. तिची थट्टा करणे ही आता फॅशन झाली आहे. तिची पद्धत मात्र थट्टेखोरांनी एकदा तपासून पाहावी. प्रथम काही शब्द व त्यांचे मराठी अर्थ, मग इंग्रजी वाक्यांचे मराठी आणि त्यानंतर मराठी वाक्यांचे इंग्रजी. खरी कसोटी या शेवटच्या टप्प्यावर लागे.

एकच शब्द घ्यावा: लाज. नवी नवरी लाजते, चोरी उघड झालेल्याला लाज वाटते, आणि ‘जनाची नाही तर मनाची’ म्हणतात तीही लाजच. इंग्रजीत ‘शाय’, ‘शेम’, ‘मॉडेस्टी’ यांतून प्रत्येक वेळी निवड करावी लागते. ज्या मुलाला लाजेच्या या तिन्ही छटा घरात, अंगणात, भांडणात कळल्या आहेत, ते मूल ही निवड करू शकते. ज्याच्याकडून आधी ‘लाज’च काढून घेतली, त्याच्या वहीत तीन सुटी स्पेलिंगे उरतात.

याच नाशिकमध्ये शिकलेल्या वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून ‘राजमुकुट’ (१९५४) आणि पुढे ‘ऑथेल्लो’ (१९६१) मराठी रंगभूमीवर आणले. इथल्याच हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिले. दोन भाषा एका डोक्यात मावत नाहीत, हे या दोघांना कोणी सांगितले नसावे.

म्हणून जुना काळ सोन्याचा ठरत नाही. घोकंपट्टी तेव्हाही होती आणि वरच्या इयत्तांत इतर विषयही इंग्रजीतूनच शिकावे लागत. त्याहून मोठा प्रश्न वर्गात बसायला कोणाला मिळे, हा होता. सावित्रीबाईंनी ‘काव्यफुले’त (१८५४) इंग्रजीला माउली म्हटले ते उगाच नव्हे; आणि ते म्हटले मराठीतच. नाशिकमध्ये १९१४ साली उदाजी मराठा बोर्डिंग निघाले, कारण खेड्यातल्या मुलाला इंग्रजी शाळेआधी शहरात निवारा हवा होता.

त्यामुळे मातृभाषेचा कैवार घेऊन इंग्रजीच काढून घेणाऱ्यांनाही इतिहासाचा आधार मिळत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास खेर सरकारच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचे इंग्रजी गेले. ते आठवीपासून सुरू होऊ लागले. हेतू उदात्त असेलही. किंमत मात्र मोजली ती निफाड-येवल्याच्या मुलांनी; मुंबईच्या कॉन्व्हेंटांत शब्दांचे पाठ अखंड चालू होते. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणले, तेव्हा ‘मराठी बुडाली’ अशी ओरड झाली. मोरे यांचा निर्णय योग्यच होता. इंग्रजी मराठी शाळेत आले, मराठीच्या जागी नव्हे. ‘मराठी बंद करा’ हा सल्ला नेमका हाच फरक पुसून टाकतो.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर, या वादातले दोन्ही पक्ष सारखेच उघडे पडतात. तिथल्या अनेक घरांत कोकणा बोलतात. शिक्षकाने फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून समोर प्रमाण मराठी अर्थ लिहिला, तरी पहिलीतल्या मुलापुढे दोन परके शब्द शेजारी शेजारी उभे राहतात. मोल्सवर्थ आणि तर्खडकरांची रीत तिथे नेटाने चालवायची, तर वहीत तिसरा रकाना आखावा लागेल आणि तो भरून देणारा शिक्षक त्याच पाड्यांवरून यावा लागेल.