भिंतीवरचा तक्ता

आपल्या मशिन लॅबमध्ये दाराच्या उजव्या हाताला एक तक्ता टांगलेला आहे. काच तडकलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. मथळा : 'विजेचा धक्का बसल्यास करावयाचे उपचार'. चार सेमिस्टर मी त्याच्याखाली सॅक ठेवत आलो, पण तो वाचला कधीच नव्हता. व्हायवाला कुणी विचारत नाही ना!

वाचला तो गेल्या मार्चनंतर.

मार्चमध्ये एका रात्री जेवणाच्या रांगेत उभे होतो आणि पोळ्या वाढणारे मेसचे काका अचानक कोसळले. आम्ही चाळीसेक जण तिथे होतो. कुणी म्हणालं फिट आली, चप्पल हुंगवा. एकाने कांदा फोडला. एकाने तोंडावर पाणी मारलं. मी मनगट धरून नाडी शोधत बसलो. सापडली असं वाटलंही, पण ती बहुतेक माझ्याच बोटांतली असावी. काकांच्या घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता, थांबून थांबून. "श्वास चालू आहे रे, घाबरू नका," हे सगळ्यांना मीच सांगितलं. गाडी मिळून हॉस्पिटलला पोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पडल्यावर कुणी छाती दाबली का?"

कुणीच दाबली नव्हती. काका गेले.

माझी आत्येबहीण स्टाफ नर्स आहे. तिने नंतर सांगितलं की तो घोरण्याचा आवाज म्हणजे श्वास नव्हेच. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं असे आचके येतात आणि बघणारे हमखास फसतात. हाक मारून, खांदे हलवून माणूस जागा होत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं दिसलं की पुरे. एकाने १०८ ला फोन करायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला लागायचं. नाडी शोधत बसायचं नाही. काका वाचलेच असते असं ताईही म्हणाली नाही. पण त्यांच्या हक्काची मिनिटं आम्ही कांदा फोडण्यात घालवली, एवढं खरं.

रक्त पोचायचं थांबलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आता हायवेपासून आपल्या हॉस्टेलपर्यंतचा रस्ता आठवा आणि गणित तुम्हीच करा. अँब्युलन्सवाल्याने कितीही दामटली तरी पहिली चार मिनिटं त्याच्या वाट्याला येत नाहीत. ती त्या वेळी रांगेत जो उभा असेल त्याची.

तर तो तक्ता. त्यात माणसाला पालथं झोपवून पाठीवर दाब द्यायला सांगितलंय. ही शेफरची पद्धत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिने फुप्फुसात थोडी हवा खेळत असेल, बंद हृदयाला तिचा उपयोग नाही. आणि गंमत बघा, हे चित्र बदललं ते मुख्यतः इंजिनिअर लोकांनी. लाइनमन शॉक लागून मरत म्हणून अमेरिकेत वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन यांनी ते काम हाती घेतलं. हे इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक, डॉक्टर नव्हेत. १९५८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या गाय निकरबॉकर या तरुण इंजिनिअरच्या लक्षात आलं की डिफिब्रिलेटरचे जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबले तरी, करंट देण्याआधीच, रक्तदाब वर जातो. मग सर्जन जेम्स ज्यूड यांना बरोबर घेऊन त्यांनी १९६० मध्ये छातीदाबाची पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर शिकवतात ती हीच. आपल्या ब्रँचच्या माणसांनी शोधलेली गोष्ट आपल्याच लॅबच्या भिंतीवर नाही!

डिफिब्रिलेटर म्हणजे तरी काय? मुळात चार्ज केलेला कपॅसिटर. १०० मायक्रोफॅरॅड, २००० व्होल्ट. अर्धा सी व्ही स्क्वेअर काढा, २०० ज्यूल येतात. मोठ्या माणसाला शॉक साधारण एवढ्याच ऊर्जेचा देतात. सिनेमात स्क्रीनवर सरळ रेष आली की शॉक देतात ते साफ खोटं, सरळ रेषेला शॉकचा उपयोग नसतो. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत असेल तेव्हा तो द्यायचा. एईडी नावाचं छोटं मशिन हे स्वतःच ओळखतं. चालू केलं की ते बोलून सूचना देतं, पॅड कुठे चिकटवायचे त्याचं चित्र पॅडवरच असतं आणि गरज नसेल तर बटण दाबूनही ते शॉक देत नाही. १२ जून २०२१ ला युरो कपच्या मॅचमध्ये डेन्मार्कचा एरिक्सन मैदानात कोसळला, तेव्हा तिथेच छातीदाब आणि शॉक मिळाला म्हणून तो वाचला. पुढच्याच वर्षी तो परत खेळायला उतरला.

माझं म्हणणं असं की एक एईडी मेसच्या दाराशी हवं आणि एक ग्राउंडवर. गॅदरिंगच्या साउंड सिस्टिमचं बिल ज्यांनी पाहिलंय त्यांनी पैशाचं कारण सांगू नये. पण ते रेक्टर सरांच्या कपाटात कुलपात ठेवणार असाल तर घेऊच नका. (फर्स्ट एड बॉक्सची किल्ली सध्या कुणाकडे असते, सांगा पाहू?) पॅडना एक्स्पायरी असते, बॅटरीही बघावी लागते, म्हणजे दर महिन्याला सही करणारा एक माणूस हवा. आणि मशिनच्या आधी हात तयार हवेत. पहिल्या वर्षाच्या इंडक्शनमध्ये भाषणांची एक दुपार कमी करा आणि छातीदाब शिकवा. त्याहून आधी वॉचमन आणि मेसच्या पोरांना शिकवा, कारण आपण सुट्टीत घरी पळतो, ते इथेच असतात.

लोक घाबरतात तेही समजून घ्यायला हवं. बरगडी मोडेल? मोडू शकते, पण मोडलेली बरगडी जुळते. पोलिसांचं लफडं? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. पण ते रस्त्यापुरतं. मेसमध्ये पडलेल्या माणसाला भल्या हेतूने मदत करणाऱ्यालाही कायद्याने तसंच स्पष्ट लिहून दिलं तर बरं होईल. मुलगी पडली तर हात कसा लावायचा, हा प्रश्न आपल्या वर्गात विचारला की हशा होतो. तो हसण्याचा विषय नाही. तिचंही हृदय तिथेच असतं आणि मिनिटंही तेवढीच.

करायचं ते एवढंच : कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळव्यावर तळवा ठेवा, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास देता येत नसेल तरी दाबत राहा. (बुडालेला माणूस आणि लहान मूल यांना मात्र श्वासही लागतो, तो शिकून घ्यावा.) शॉक लागलेला असेल तर आधी मेन स्विच बंद. दोन मिनिटांत भलेभले दमतात, म्हणून माणूस बदलायचा.

ताईकडून शिकून आलेले आम्ही चौघं सध्या दर रविवारी नाश्त्यानंतर टीव्ही रूममध्ये जमतो. मेसची पोरंही येतात. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, उशी आपापली आणावी.