स्तंभावरील एकोणपन्नास नावे

शिर्डीहून राहुरी, नगर, शिरूर करीत पुण्याकडे जाणाऱ्यास भीमेच्या पुलाजवळ कोरेगावचा विजयस्तंभ दिसतो. कॅप्टन स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून याच दिशेने निघाली होती: सुमारे ५०० पायदळ, ३०० च्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा. १ जानेवारी १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याशी तिची दिवसभर झुंज झाली. ती कथा आपल्या मुलांना पाठ आहे. स्तंभ मात्र फार थोड्यांनी वाचला आहे, अशी माझी तक्रार आहे.

२६ मार्च १८२१ रोजी त्याची पायाभरणी झाली. चौथऱ्यावर उभा, वर निमुळता होत गेलेला, सुमारे ६५ फूट उंचीचा हा दगडी स्तंभ. त्यावर सेनापतीचा पुतळा नाही, घोडा नाही. चौथऱ्यावर इंग्रजी व मराठी लेख आहेत. त्यांतील गौरव कंपनी सरकारच्या फौजेचा आहे आणि तो आपण डोळसपणे तसाच वाचावा. कंपनीने हा स्तंभ अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी उभारला नव्हता. त्याच सरकारच्या लष्कराने पुढे १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली.

मग आपले तेथे काय आहे? नावे आहेत. धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महारांची म्हणून ओळखली जातात. सोमनाक, रामनाक, येसनाक! ज्या माणसाची सावलीही विटाळ मानली जात होती, त्याचे नाव दगडात कोरले गेले, आणि तेही बापाच्या नावासह. शिवराम जानबा कांबळे यांनी या स्तंभापाशी सभा भरविल्या, १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, ते या पुराव्यासाठीच, असे मला वाटते. भरती बंद करणाऱ्या सरकारला त्याचाच शिलालेख दाखवता येत होता. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या मानचिन्हावर हा स्तंभ आला.

उरलेल्या नावांत मराठे, राजपूत व मुसलमानही आहेत. तीही वाचली पाहिजेत. निवडून वाचलेला पुरावा दुबळा होतो.

म्हणून वसतिगृहाच्या मुलांची सहल १ जानेवारीच्या अलोट गर्दीत नेण्याबरोबरच एखाद्या साध्या दिवशीही न्यावी. प्रत्येकाच्या हाती वही असावी, आणि ४९ नावे त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवून आणावीत.