सोने किती, हे दुकानात जाण्याआधी ठरवा



हल्ली मंदिरात स्वाध्याय संपला की चपला घालेपर्यंत विषय एकच, सोन्या-चांदीचा भाव. महागाई वाढतेय, रुपया घसरतोय, मग एफडी मोडून सोने घ्यावे का, असे बऱ्याच जणी विचारतात. माझे मत असे की सोने जरूर घ्यावे, पण मोजून. भीतीपोटी घेऊ नये.

आधी भाव का चढतो ते पाहू. आपल्याला लागणारे बहुतेक सोने बाहेरून येते आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. त्यामुळे परदेशात भाव तोच राहिला, तरी रुपया घसरला की आपल्या सराफाकडे तो वाढतो. १९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेलाही सोने गहाण ठेवूनच वेळ निभवावी लागली. अडीअडचणीला उपयोगी पडणे, हाच सोन्याचा खरा गुण.

पण सोने व्याज देत नाही आणि भाव नेहमी चढताच राहतो असेही नाही. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलरवर गेले होते. डॉलरमधला तो भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडले. चांदी त्याच महिन्यात ५० डॉलरच्या आसपास होती, ती मार्चअखेर ११ च्या खाली आली. म्हणून मुलांची यंदाची फी किंवा दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे यात घालू नयेत. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये.

दागिना हौसेसाठी घ्या, त्याला गुंतवणूक म्हणू नका. हिशोब करा: सोने १ लाखाचे, घडणावळ १२ टक्के, त्यावर ३ टक्के जीएसटी. बिल होते १,१५,३६० रुपये. मोडायला गेलात की घडणावळ आणि कर दोन्ही गेले. म्हणजे भाव १५ टक्क्यांहून जास्त वाढला, तर कुठे तुमचे पैसे सुटणार. साठवणीसाठी साधे वेढणे किंवा नाणे बरे. दागिना घेतलाच, तर त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा.

कोणी म्हणेल, बाईच्या नावावर दुसरे असते तरी काय? शेत सासऱ्यांचे, घर नवऱ्याचे. अगदी खरे आहे, आणि म्हणूनच मी सोन्याला नाही म्हणत नाही. फक्त बिल स्वतःच्या नावाने घ्या आणि ते जपून ठेवा. आपले स्त्रीधन किती ग्रॅम, हे आपल्याला तोंडपाठ हवे.

आता ‘किती’ याबद्दल. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात हिरण्य-सुवर्णाची मर्यादा आपणच ठरवायची असते. ही मर्यादा रुपयांत धरली तर भाव वाढताच ती ओलांडली जाते. म्हणून मी ती ग्रॅममध्ये धरते: लेकीच्या लग्नाला लागेल तेवढे आणि अडचणीला मोडता येईल तेवढे. त्यापुढे भाव कितीही धावो, माझी खरेदी थांबते.

अक्षय तृतीयेला बाजारात गर्दी होते. आपल्याकडे मात्र तो आदिनाथ भगवंतांच्या पारण्याचा, श्रेयांस राजाने दिलेल्या उसाच्या रसाचा, म्हणजे दानाचा दिवस. त्या दिवशी वही काढा, घरातले ग्रॅम लिहा आणि आपली मर्यादा भरली का ते बघा. भरली असेल, तर यंदाचे पैसे कुठे द्यायचे ते ठरवा.