मोडेम आपला की विंडोजचा?

नगरच्या होस्टेलांवर एके काळी लिनक्सच्या सीड्या फिरायच्या. फुकट, शिवाय कायदेशीर. इन्स्टॉलही नीट व्हायचं. पण इंटरनेट लावायला जावं, तर मोडेमच सापडायचा नाही!

तो बिघडलेला नसायचा. तो 'विनमोडेम' असायचा. सिग्नल उलगडणारी चिप गाळून ते काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकललेलं, म्हणून स्वस्त. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही, तर ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. 1995च्या 15 ऑगस्टला देशात सर्वांसाठी खुलं झालेलं इंटरनेट या पत्र्यापाशी अडायचं.

सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम मात्र निमूट चालायचा. विंडोजचा 'कॉम 1' इथे 'टीटीवायएस 0' होतो, एवढंच. 'डब्ल्यूव्हीडायल'मध्ये नंबर, युजरनेम, पासवर्ड भरला की ओळखीची किरकिर सुरू. (घरचा फोन तेवढा वेळ एंगेज, बोलणी खायची तयारी ठेवायची.)

पाथर्डी-शेवगावहून येऊन, घरच्यांनी साठवलेल्या पैशांत मशीन घेणाऱ्या पोराला हे कॅबिनेट उघडल्यावर कळायचं. दुकानदारांनी विकतानाच सांगायला हवं होतं. कॉलेजांनीही लॅबसाठी मोडेम घेताना आधी लिनक्सवर लावून पाहायला हवा होता. आणि आपण काउंटरवर विचारायला लाजायला नको होतं. उत्तर आलं नाही, तर खोकं परत ठेवायला हवं होतं.