रिसॉर्ट किती ते नको, एका खोलीमागे मेंबर किती ते सांगा!

हॉलिडे मेंबरशिप विकणाऱ्या कंपनीने नवीन रिसॉर्ट जाहीर केलं की सगळ्यात आधी टाळ्या कोण वाजवतं? जुने मेंबर. "वा! आता कोकणातपण आपलं रिसॉर्ट!" असे मेसेज ग्रुपवर फिरायला लागतात.

आपलं? मंडळी, वर्षाला सात रात्री राहण्याचा हक्क आपण पंचवीस वर्षांसाठी घेतलाय. तिथली एक वीटही आपली नाही. आणि ते नवीन रिसॉर्ट आपल्यासाठी बांधलंय की ते दाखवून पुढचे मेंबर गळाला लावण्यासाठी, हे कुणीच विचारत नाही.

आज तेच विचारायचंय. कुठल्या एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुखणं या धंद्याच्या रचनेतच आहे.

साधा हिशोब करू. समजा कंपनीकडे १०० खोल्या आहेत. वर्षाच्या ३६५ रात्री धरल्या तर ३६,५०० रात्री झाल्या. प्रत्येक मेंबरला ७ रात्री द्यायच्या तर जास्तीत जास्त ५,२१४ मेंबर मावतात. तेही एकही खोली दुरुस्तीला बंद नाही आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला एकही रात्र विकली नाही, असं धरून. त्यापुढे मेंबर केला की कुणाचा तरी हक्क कागदावरच राहणार.

आता खरी मेख. मेंबरशिप घेणारं कुटुंब कोणतं? दोघं नोकरीला, पोरं शाळेत. त्यांना हवी दिवाळी, नाताळ आणि मे महिना. हे सगळे मिळून ६० दिवस धरा. १०० खोल्यांच्या ६,००० रात्री, म्हणजे फक्त ८५७ कुटुंबं. उरलेल्या सव्वाचार हजारांहून जास्त कुटुंबांनी काय करायचं? पोरांची सहामाही बुडवून महाबळेश्वरला जायचं?

"म्हणून तर सीझनचे रंग असतात ना!" असं लगेच कुणीतरी म्हणेल. असतात की. गर्दीच्या सीझनचा रंग महाग, आडसीझनचा स्वस्त. पण महागाचा रंग घेतला म्हणजे खोली मिळाली असं होत नाही. त्या दिवसांसाठी रांगेत उभं राहायचा हक्क मिळतो, बस. रांग किती लांब आहे, ते विकणारा सांगत नाही.

आता पैशांचं बोलू. समजा मेंबरशिप ५ लाखांची. २५ वर्षांच्या १७५ रात्री. भागाकार केला की रात्रीला २,८५७ रुपये येतात, आणि सेल्सवाला कॅल्क्युलेटरवर हाच आकडा दाखवतो. "सर, एवढ्यात साधं लॉज तरी मिळतं का?" पण वार्षिक शुल्क या गणितात नसतंच. ते २० हजार धरा आणि दरवर्षी ६ टक्के वाढतं असं धरा. पंचविसाव्या वर्षी ते ८० हजारांच्या वर जातं, आणि सगळ्या वर्षांचं मिळून जवळपास ११ लाख होतात. एकूण १६ लाख, म्हणजे रात्रीला ९ हजारांच्या पुढे. जीएसटी आणि तिथलं जेवण वेगळं. उलट तेच ५ लाख ६ टक्क्यांनी पंचवीस वर्षं चक्रवाढीत राहिले असते तर २१ लाखांच्या वर गेले असते. हे आकडे मी समजण्यापुरते धरलेत. तुमच्या करारातले आकडे टाका आणि स्वतः करून बघा. त्यात एक रात्र जरी न वापरता गेली, तरी बाकीच्या रात्री आणखी महाग होतात.

यावर मेंबरशिपचे चाहते भांडायला येतात. येऊ देत, त्यांचंही ऐकायला पाहिजे. "आम्ही तर पूर्ण वसूल केली" असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. निवृत्त जोडपी, घरून काम करणारे, मंगळवारी बॅग भरून निघू शकणारे, यांना ही योजना खरंच परवडते. पण त्यांना खोली सहज मिळते, कारण सुट्टीला बांधलेली हजारो कुटुंबं त्या दिवसांत जाऊच शकत नाहीत आणि तरी शुल्क भरत राहतात. तुमच्या वसुलीत शेजाऱ्याचा हप्ता आहे, एवढं लक्षात असू द्या.

"हे जगभर असंच चालतं" हा दुसरा मुद्दा. नाही चालत. अमेरिकेत डिस्नेने १९९१ मध्ये थीम पार्कच्या जोडीला टाइमशेअर सुरू केलं, डिस्ने व्हेकेशन क्लब. ते काही धर्मादाय नाही. तेव्हा एका पॉइंटला पन्नास डॉलरच्या आसपास पडायचे, आता नवीन रिसॉर्टला दोनशेच्या वर पडतात. पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार २०४२ ला संपणार, त्यानंतर मालकाच्या हातात शून्य. २०१९ मध्ये तर नियम केला की जुन्या रिसॉर्टचे पॉइंट यापुढे दुसऱ्या मेंबरकडून विकत घेतले, तर नवीन रिव्हिएरा रिसॉर्टमध्ये चालणार नाहीत. चाहते जाम भडकले. डिसेंबर २०२४ मध्ये पॉलिनेशियन रिसॉर्टला नवा टॉवर जोडला, तेव्हाही टाळ्यांबरोबर वाद झाला: खोल्या वाढल्या खऱ्या, पण जुन्या मालकांच्या आवडत्या खोल्यांसाठी झुंबड किती वाढणार?

त्यांचे चाहते हा वाद घालू शकतात, कारण आकडे त्यांच्यासमोर असतात. कुठल्या खोलीला कुठल्या रात्री किती पॉइंट लागतात, याचा तक्ता जाहीर असतो. एका दिवसाचे पॉइंट वाढवले तर दुसऱ्या दिवसाचे कमी करावे लागतात. आणि फ्लोरिडाचा कायदाच सांगतो की जेवढ्या रात्री खरोखर आहेत तेवढ्याच विका. सही केल्यावर १० दिवसांत करार रद्द करायचा हक्कही कायद्याने दिलाय. युरोपियन युनियनमध्ये ही मुदत १४ दिवसांची, आणि तोपर्यंत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी!

आपल्याकडे? मॉलमध्ये कूपन भरा, गोव्याच्या किनाऱ्यावर स्क्रॅच कार्ड खरवडा, "अभिनंदन, तुम्ही जिंकलात" असा फोन घ्या. गिफ्ट न्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं. मग दोन-तीन तास एसी हॉल, मोठ्या आवाजात गाणी, आणि शेवटी "ही ऑफर फक्त आजच". ऑनलाइन विक्रीतली असली खोटी घाई केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीने अनुचित ठरवली. मग तीच घाई हॉलमध्ये, समोर बसवून केली तर चालते कशी? करार परत करायची मुदत काही कंपन्या स्वतःहून देतात, पण ती त्यांची मेहेरबानी झाली. टाइमशेअरसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं असेल, तर जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. गडहिंग्लजच्या मास्तरांनी त्यासाठी किती खेटे घालायचे?

म्हणून मागण्या तीनच, आणि तिन्ही साध्या.

१) प्रत्येक कंपनीने दरवर्षी जाहीर करावं: मेंबर किती, खोल्या किती, आणि सुट्टीच्या दिवसांत मागितलेल्यांपैकी किती जणांना खोली मिळाली. जेवढ्या रात्री आहेत, त्यापेक्षा जास्त विकायला बंदी.
२) सही केल्यापासून १४ दिवस करार रद्द करण्याचा हक्क कायद्यात हवा, आणि तोवर एक पैसाही घ्यायचा नाही.
३) वार्षिक शुल्क जास्तीत जास्त किती वाढेल, हे करारात पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात.

"न वाचता सही कशाला केली?" असं मेंबरला हिणवणाऱ्यांना एकच सांगणं: खोलीमागे किती मेंबर, हा आकडा करारात छापलेलाच नसतो. चष्मा लावून वाचला तरी दिसणार कुठून?

आणि मेंबर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर नवीन रिसॉर्टचा फोटो आला की हार्ट टाकण्याआधी खाली एवढंच लिहा: "छान आहे. यासाठी नवीन मेंबर किती केले?" दहा जणांनी लिहिलं तर उत्तर येणार नाही. हजारांनी लिहिलं तर द्यावंच लागेल. आणि ज्यांची सध्याच अडवणूक चाललीय त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, आजच फोन करा. व्यवहार तुमच्या पैशांचा आहे, लाजायचं त्यांनी.