हसणाऱ्यांनो, आडनाव सांगा!

मी हसलो. हे आधीच कबूल करतो, नंतर कुणी तोंडावर फेकायला नको.

लोअर परळ. जुन्या गिरणीच्या आवारातला एसी हॉल. तिकीट ४९९, वर टॅक्स. मित्र म्हणाला, यूट्यूबवर रोज बघतोस, चल एकदा समोर बघू. गेलो. लवकर पोचलो म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. स्टेजवर स्टूल, पाण्याची बाटली, माईक आणि मागं विटांची भिंत. विटा खऱ्या नव्हत्या, छापील कागद चिकटवलेला. खरी गिरणी पाडली आणि आत खोट्या विटा लावल्या! यावर मात्र त्यानं एकही विनोद केला नाही.

पहिली वीस मिनिटं भारी होती, खोटं कशाला बोलू. लोकल, ट्रॅफिक, आईबाप, लग्न. टायमिंग कडक. माणूस एकटा उभा राहतो, हातात वाद्य नाही, मागं झीलकरी नाहीत, आणि दोनशे माणसं मुठीत धरतो. ही कला आहे, हे मान्य. मग त्याचं क्राउडवर्क सुरू झालं. म्हणजे समोरच्याला नावगाव विचारायचं आणि जे हाताला लागेल त्याची जागच्या जागी चटणी करायची. एका अय्यरला इडलीवरून सोलला. एका शहाला पैशावरून. मग बोट माझ्याकडं.

"नाम?"

सांगितलं.

"पूरा नाम?"

दोस्तहो, हा प्रश्न कशासाठी विचारतात हे तुम्हाला सांगायला नको. भाड्यानं खोली बघायला गेल्यावर विचारतात. कॉलेजात पहिल्या दिवशी बाकावरचा शेजारी विचारतो.

"कांबळे," म्हणालो.

"अरे, तभी फ्रंट रो! रिझर्व्ड सीट!"

हॉल फुटला. अय्यर हसला, शहा हसला, मित्रानं माझ्या मांडीवर थाप मारली. आणि मी? मीपण दात काढले. पदरचे पैसे भरून, लायनीत उभं राहून घेतलेली खुर्ची दोन शब्दांत खैरातीची झाली, आणि मी दात काढले! न हसलो असतो तर 'यांना जोक कळत नाही' हा दुसरा जोक तयारच होता. मी काही बोललो असतो तरी ऐकणार कोण? माईक त्याच्या हातात. माझं उत्तरसुद्धा तो त्याच्या तोंडून परत बोलणार, तेव्हा ते मागच्या रांगेला कळणार.

सगळ्यांचीच उडवतो, असं त्याचे भक्त सांगतील. उडवतो ना! पण इडलीवरच्या विनोदानं अय्यरचं काय जातं? उद्या ऑफिसात कुणी त्याची फाईल तपासताना इडली आठवतं का? 'कोटा' हा शब्द मात्र हॉस्टेलात, वॉर्डात, लॅबमध्ये असाच हसतहसत बोलला जातो. २०१९ साली मुंबईत आदिवासी घरातल्या डॉ. पायल तडवीनं जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तिच्या तीन सीनियर डॉक्टरांवर खटला भरला गेला. तिथंही आधी हसूच झालं नसेल कशावरून?

आणि रिझर्व्ड सीटचाच हिशोब करायचा तर त्या हॉलखालच्या जमिनीपासून करू. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त होता. तिथं धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून अस्पृश्याला ते खातं बंद. बाटेल ना दोरा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. माझा पणजा रिंगखात्यातच झिजला. आजाची नोकरी १९८२ च्या संपात गेली. साचेखात्यातल्या जागा कुणासाठी रिझर्व्ह होत्या, भडव्या? यावर हसव की!

आता सभ्य लोक विचारतील, मग काय बंदी घालायची? मुळीच नाही. भावना दुखावल्या म्हणून खुर्च्या तोडणारी जात आमची नव्हे. २०२१ च्या १ जानेवारीला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकीला पकडलं आणि महिन्यावर तुरुंगात सडवलं, तेव्हा आपण त्याच्या बाजूनं होतो. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या व्हिडिओवरून शिंदेंच्या शिवसैनिकांनी खारचं हॅबिटॅट फोडलं आणि दुसऱ्याच दिवशी महापालिका हातोडे घेऊन हजर झाली, तेव्हाही आपण त्याच्याच बाजूनं. पण मला एक दिसतं. मंत्र्यावर विनोद झाला की खुर्च्या तुटतात. आपल्यावर विनोद झाला की खुर्च्या हलतात, हसून हसून. अबीश मॅथ्यूनं मायावतींवर २०१२ साली केलेलं घाणेरडं ट्वीट २०२१ मध्ये वर आलं, तेव्हा कुठं त्यानं माफी मागितली. नऊ वर्षं त्याच्या गोतावळ्यात कुणाच्या नाकाला वास आला नाही!

वर ही कला म्हणे परदेशातून आली! अरे, सोंगाड्या कोण होता? महार-मांगांनी, कोल्हाट्यांनी पोसलेल्या तमाशात तो राजाला, पाटलाला, सावकाराला भर चावडीपुढं उघडा पाडायचा, आणि सकाळी त्याच गावात भाकरी मागायचा. तेव्हा त्याला धंदेवाईक म्हणून नाकं मुरडली. भीमराव कर्डकांच्या जलशानं १९३० च्या दशकात तेच हसू चळवळीत आणलं. आज तेच सोंग इंग्रजी-हिंदीत, बिअरच्या ग्लासासोबत विकलं की ते 'फ्री स्पीच'!

आपली पोरं गप्प नाहीत. मनजीत सरकार, अंकुर तांगडे, रवी गायकवाड, मनाल पाटील यांनी 'ब्लू मटेरियल' उभं केलं. स्वतःची जात स्वतःच्या तोंडानं सांगून हॉल हसवतात, आणि हसता हसता समोरच्याला कळतं की आपल्याच बुडाखाली आग लागलीय. त्यांची तिकिटं काढतो का आपण? की त्यांचंही फुकटच बघायचं?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पैशे दिऊन शिव्या खाऊन आलास व्हय रं? आन् त्येला काय म्हणलास?"

काहीच नाही म्हणलो, आई.

म्हणून परवा अंधेरीला एका ओपन माइकच्या यादीत नाव लिहून आलोय. पूर्ण नाव, आडनावासकट. नवख्याला चार मिनिटं देतात. मंगळवारी रात्री आठला. पहिली रांग रिकामीच असते, येऊन बसा.